आधी एकटीचं घर

नरपडच्या नव्या वाडीत आता घरोघर कौलं आली आहेत. दोन घरांत रेडिओ आहे आणि तो बाकीच्यांनाही ऐकू यावा, अशा बेतानं वाजवला जातो. वाडी उंचवट्यावर आहे. अमावास्येची भरती कितीही माजली तरी पाणी पायथ्याशी येतं, जरा घुटमळतं आणि माघारी जातं. आताच्या पोरांना वाटतं, गाव पहिल्यापासून इथंच होतं. विठाबाईला याचं हसूही येतं आणि थोडा रागही येतो. ओट्यावर पाय पसरून ती म्हणते, "अरे, या वाडीला अजून दहा वर्षं पण नाय झाली. तुमचे बाप तिकडं खाडीच्या तोंडाशी जन्मले." पोरं ऐकून न ऐकल्यासारखं करतात आणि पळतात. विठाबाई मात्र खाली बघत राहते. तिथं आता नुसती वाळू आणि निवडुंग आहे.

तिथलं घर लहान होतं. कुडाच्या भिंती, वर झावळ्या, पुढं बोंबील टांगायचे बांबू. समुद्र इतका जवळ की भरतीच्या वेळी शेजारणीशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. तरी त्या दिवसांची सर या कौलांना नाही, असं तिला वाटतं. माणसाला गेलेलं सगळंच गोड लागतं म्हणा, पण विठाबाईचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

त्या काळी नरपडचं आणि डोंगराकडच्या वेवजीचं जुनं नातं होतं. भात कापून झालं की वेवजीच्या बैलगाड्या पंधरा-सोळा मैलांची वाट तुडवत समुद्रावर उतरत. येताना गाडीत गवत, पेंढा, बांबू आणि नाचणी असे, जाताना सुके बोंबील, करंदी आणि मीठ. मोजमाप कुणी फारसं करत नसे. टोपलीभर दिलं, टोपलीभर घेतलं. विठाबाईच्या दारात दरवर्षी एकच गाडी लागायची, ती चैत्याची. चैत्या म्हणजे बोलायला महाग माणूस. त्याची बायको जिवली त्याच्या वाटचंही बोलून घ्यायची. ती आणि विठाबाई ओट्यावर बसल्या की एकीची बोली दुसरीला अर्धीच कळे, आणि उरलेल्या अर्ध्यावर दोघी हसत. विठाबाईचा नवरा भीमा तापानं गेला, त्या वर्षी जिवली गाडीतून उतरली, एक शब्द न बोलता चुलीपाशी गेली आणि पुढचे आठ दिवस त्या घरातल्या भाकऱ्या तिनंच भाजल्या.

भीमा गेल्यावर चौथ्या वर्षी, म्हणजे अठ्ठावन्न साली, ते वादळ आलं. दुपारी भाकरी खाऊन माणसं जाळी शिवत बसली होती, तोवर वारा फिरला. दिवस मावळेपर्यंत खालच्या वाडीत एक छप्पर जागेवर राहिलं नाही. माडांची डोकी उडाली, होड्या घरांत शिरल्या आणि घरं खाडीत गेली. देवाची कृपा एवढीच की माणूस एकही गेलं नाही. विठाबाई नऊ वर्षांच्या लेकीला, शांतीला, घेऊन वर देवळात बसून होती. सकाळी खाली आली, तर घराच्या जागी चार खांब आणि मसाला वाटायचा पाटा, एवढंच उरलेलं. ती रडली नाही. पाटा उचलून तिनं बाजूला ठेवला आणि शेजारणीची भांडी वाळूतून उकरायला गेली.

नरपडमध्ये तेव्हा एक रीत होती. ती कुणी घालून दिली हे कुणालाच ठाऊक नाही. गावावर संकट आलं की पहिलं छप्पर एकटीच्या घरावर चढायचं. ज्या घरात पुरुष नाही ते घर आधी, मग म्हाताऱ्यांची घरं, मग बाकीच्यांची, आणि सगळ्यांत शेवटी तांडेलाचं, म्हणजे होडीवाल्यांच्या म्होरक्याचं. त्या वेळी गावचा तांडेल होता मोतीराम. नुकत्याच निघालेल्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमनही तोच. सोसायटीपाशी तेव्हा एक पाटी, एक वही आणि एक रबरी शिक्का होता. शिक्क्यावर मोतीरामचा इतका जीव की पुतण्याच्या लग्नपत्रिकांवरही त्यानं तो उमटवला होता. पण माणूस सोन्यासारखा. स्वतःची होडी दोन तुकडे होऊन पडली होती, तरी तो तिच्याकडं ढुंकून न बघता गावात फिरत होता. "आधी एकटीचं घर," तो म्हणाला, आणि कुणी 'का' म्हणून विचारलं नाही.

घर बांधायचं ठरलं, पण झावळ्या आणायच्या कुठून? माडच बोडके झालेले. तिसऱ्या दिवशी सकाळी चैत्याची गाडी आली. तळासरीच्या बाजारात त्यानं वादळाची बातमी ऐकली आणि बैलांसाठी राखून ठेवलेलं गवत गाडीत भरून तो आणि जिवली निघाले. चार खांब बघून जिवलीनं तोंडाला पदर लावला. चैत्यानं बैल सोडले आणि सरळ कामाला लागला. गावच्या माणसांनी बांबू दिले, चैत्या वर चढला. पळसाच्या मुळ्या ठेचून केलेले दोर त्यानं आणले होते, त्यांनी त्यानं गवत असं आवळून बांधलं की मोतीराम खाली उभा राहून नुसता मान हलवत राहिला. दोन दिवसांत घर उभं राहिलं. वेवजीच्या बाकीच्या गाड्या पुढं पंधरवड्यानं आल्या, तेव्हा विठाबाईच्या चुलीतून धूर निघत होता. त्या नव्या गवताचा वास अजून तिच्या नाकात आहे. पहिले चार दिवस तर शांती घरात आली की आधी वर तोंड करून वास घ्यायची आणि मग जेवायला बसायची.

सरकार आलं ते बाराव्या दिवशी. सरकार म्हणजे एक तरुण तलाठी, घाटावरचा, समुद्र पहिल्यांदाच बघणारा. तो पंचनामा करायला येणार हे आदल्या दिवशी कळलं होतं. आता साहेब घरी येणार म्हटल्यावर विठाबाईनं काय करावं? तिनं जमीन सारवली. ओट्यावर रांगोळी काढली. भांडी राखेनं घासून ओळीनं लावली. तलाठी घामाघूम होऊन आला, तिच्या ओट्यावर टेकला, तिच्या हातचा गुळाचा चहा प्याला. सकाळपासून नुसती मोडतोड बघून कंटाळलेल्या त्या पोराला तिथं बरं वाटलं. वर छपराकडं बघून तो म्हणाला, "बाई, तुमचं घर छान आहे." विठाबाईला इतका आनंद झाला की तिनं त्याला आणखी अर्धा कप चहा दिला. त्यानं वहीत लिहिलं, 'घर शाबूत.'

त्या दोन शब्दांनी काय केलं ते आठवडाभरानं कळलं. सरकारनं ठरवलं होतं की खालची वाडी पुन्हा खाली वसवायची नाही. मागच्या उंचवट्यावर नवं गावठाण आखायचं आणि ज्यांची घरं पडली त्यांना तिथं जागा द्यायची. चांगली गोष्ट होती, गावाला अशी अक्कल कुणीतरी आधीच द्यायला हवी होती. पण यादी वाचली तेव्हा त्यात चौतीस नावं होती आणि विठाबाईचं नव्हतं. सगळं गाव वर जाणार आणि खाडीच्या तोंडाशी एकटं घर राहणार, ते एका बाईचं आणि तिच्या पोरीचं. पुढचं वादळ आलं तर हाक मारली तरी ऐकायला कुणी नसणार.

मोतीरामचं तोंड पडलं. "मीच केलं गो हे," तो विठाबाईला म्हणाला. "आपल्या रीतीनं तुझं भलं करायला गेलो आणि तुलाच पाण्यात ठेवलं."

"तू कशाला वाईट वाटून घेतोस तांडेल? चहा मीच पाजला ना त्याला," विठाबाई म्हणाली. पण ती हसली नाही.

सोसायटीची बैठक देवळापुढं बसली. तुक्या नावाचा एक गरम डोक्याचा खलाशी होता, तो म्हणाला की यात काय मोठंसं, छप्पर काढून टाकू, दोन कूड पाडू, आणि तलाठ्याला पुन्हा बोलवू. चारपाच जणांनी माना डोलावल्या. विठाबाई बायकांत मागं बसली होती, ती उठून उभी राहिली.

"त्या गवतावर कुणी हात टाकायचा नाय," ती म्हणाली. "बैलांच्या तोंडचं काढून आणलंय त्यांनी. ते मी मातीत घालू? मला खाली राहिलेलं चालंल."

बैठक तिथंच मोडली. दुसऱ्या दिवशी मोतीराम सोसायटीच्या कागदावर सगळी हकीकत लिहून, त्यावर शिक्का मारून डहाणूच्या कचेरीत गेला. दोन दिवस बाकावर बसला, तिसऱ्या दिवशी मामलेदारांनी आत घेतलं. माणूस वयस्कर होता, कडक होता, पण कान देऊन ऐकणारा होता. सगळं ऐकून ते म्हणाले, "गावचा माणूस गावच्याच बाजूनं बोलणार. तुमच्या शिक्क्यानं माझं काम होत नाही. बाहेरगावचा साक्षीदार आणा, ज्याला या जागेतलं काही मिळायचं नाही असा. त्यानं पडलेलं घर डोळ्यांनी बघितलेलं हवं. सोमवारी मी स्वतः येतोय. त्या दिवशी त्यानं माझ्यासमोर सांगावं आणि अंगठा द्यावा, मी नाव चढवतो. त्यानंतर यादी बंद."

बाहेरगावच्या माणसांत पडलेलं घर बघितलेली दोनच होती, चैत्या आणि जिवली. विठाबाईनं टोपलीत बोंबील भरले, डहाणूहून एस.टी.नं तळासरी गाठली आणि तिथून चालत वेवजीला गेली. जन्मात पहिल्यांदा ती जिवलीच्या दारी काही मागायला निघाली होती. काय बोलायचं ते तिनं वाटेत तीनदा घोकलं.

जिवली अंगणात नाचणी पाखडत होती. विठाबाईला बघून तिला काय करू नि काय नको असं झालं. तिनं आंबील दिली, चटई टाकली. चैत्या दिसत नव्हता.

"रानात गेलाय," जिवली म्हणाली आणि हसली. "सकाळी ग्रामसेवक आला होता. नवीन बी देतो म्हणाला, फुकट. अंगठा द्या म्हणाला. अंगठ्याचं नाव काढलं का हा पळतो. आता तो गेल्याबिगर घरी यायचा नाय."

"का गो?"

जिवलीनं सूप खाली ठेवलं. चैत्याच्या बापालाही असंच कुणीतरी सांगितलं होतं. फुकट बी मिळंल, इथं अंगठा दे. त्यानं दिला. बी आलं नाही. ओढ्याकाठची भाताची खाचरं मात्र दुसऱ्याची झाली, आणि ती कशी झाली हे म्हाताऱ्याला मरेपर्यंत कुणी समजावून दिलं नाही. मरताना त्यानं पोराला शपथ घातली होती. तेव्हापासून त्या घरातलं कुणी कागदाला बोट लावत नव्हतं, जिवलीसुद्धा नाही.

"बी गेलं तर जाऊ दे," जिवली म्हणाली. "तू कशी काय आलीस पण? बाजाराचा दिस नाय."

विठाबाईनं आंबीलीचा घोट घेतला. घोकलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. समोर कुडाला टेकून चैत्याचा नांगर उभा होता. वरच्या माळावरचे जमिनीचे उरलेले दोन तुकडे तो त्याच नांगरानं नांगरत असणार. ती म्हणाली, "अशीच. बोंबील चांगले आले या वेळी. म्हटलं, तुला द्यावे."

टोपली रिकामी करून ती उन्हं उतरायच्या आत निघाली. एस.टी.त बसल्यावर तिला बरं वाटलं, आणि मग शांतीचं तोंड आठवलं. घरी आल्यावर मोतीरामनं विचारलं. "नाय येणार," एवढंच तिनं सांगितलं. तो पुष्कळ बोलला, ती ऐकत राहिली.

सोमवारी मामलेदार आले. शाळेतली खुर्ची चिंचेखाली ठेवली होती, टेबलावर यादी, शाईची गादी, बाजूला तलाठी. एकेक नाव पुकारलं जात होतं, एकेक माणूस जाऊन अंगठा देत होता. विठाबाई लांब उभी राहून बघत होती. गावाला जागा मिळतेय याचा तिला आनंद होता, अगदी खरा आनंद. फक्त त्या माणसांत आपण नाही हे तिला सोसवत नव्हतं.

बावीस-तेवीस नावं झाली असतील, एवढ्यात रस्त्यानं चैत्या आणि जिवली येताना दिसली. बैलगाडी नव्हती, चालत आली होती. जिवली जवळ आली ती रागातच. "मी काय लहान पोर हाय?" ती विठाबाईला म्हणाली. "बाजार नसता कुणी पंधरा मैल बोंबील द्यायला येतं? तळासरीला तुमच्या गावची बायजी भेटली मासळी विकताना, तिनं सगळं सांगितलं. तू मला विचारलं पण नाय."

चैत्या तोवर टेबलापाशी जाऊन उभा राहिला होता. मोतीराम लगबगीनं पुढं झाला आणि त्यानं मामलेदारांना हा कोण ते सांगितलं. मामलेदारांनी विचारलं, "घर पडलेलं तू बघितलंस?"

"बघितलं. चार खांब होते. बाकीचं मी बांधलं."

तलाठ्यानं जबाब लिहून घेतला. त्या पोराचे कान लाल झाले होते. त्यानं तो वाचून दाखवला. चैत्या म्हणाला, "पुन्यांदा वाच." त्यानं पुन्हा वाचला. "अजून एकदा." लोक चुळबुळायला लागले, पण मामलेदारांनी हातानं गप्प केलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर चैत्या म्हणाला, "यात माझं शेत कुठं हाय काय?"

"नाही. शेताचा यात काही संबंध नाही," मामलेदार म्हणाले.

"मग तसं लिवा. शेताचा संबंध नाय, असं लिवा."

असली ओळ मामलेदारांनी जन्मात कुठल्या जबाबात घातली नसेल. मग त्यांनी तलाठ्याच्या हातून टाक घेतला, स्वतः ती ओळ लिहिली, सही केली आणि वाचून दाखवली. चैत्यानं अंगठा पुढं केला. जिवलीनं डोळे मिटून घेतले. पस्तिसावं नाव चढलं आणि मोतीरामनं कुणी न सांगता खाली सोसायटीचा शिक्का मारून टाकला. मामलेदारांनी तो तसाच राहू दिला.

लोकांनी विठाबाईला घेरलं. बायका तिच्या तोंडावरून हात फिरवत होत्या, शांती उड्या मारत होती. त्या गर्दीतून तिनं बघितलं तर चैत्या तिथं नव्हता. तो खाली समुद्राकडं गेला होता, ओल्या वाळूत उकिडवा बसून अंगठा वाळूनं घासत होता. विठाबाई त्याच्यापाशी गेली.

"चैत्या, कातडं निघंल."

"जात नाय," तो म्हणाला. पुन्हा घासायला लागला. मग मान वर न करता म्हणाला, "माझा बापूस पण असाच घासत होता. चार दिस."

विठाबाई घरात गेली आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. ती त्याच्यासमोर वाळूत बसली आणि त्याचा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला. वरून सगळं गाव बघत होतं. परक्या पुरुषाचा हात असा कुणी धरत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. तिनं अंगठ्याला तेल लावलं, पदरानं पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा पुसलं. शाई हळूहळू पदरावर आली. घर पडलं तेव्हा ती रडली नव्हती, भीमा गेला तेव्हाही चारचौघांत रडली नव्हती, पण आता तिला आवरेना. तेलावर तिचे डोळे गळत होते आणि ती पुसतच होती.

चैत्या गोंधळला. "बाय," तो म्हणाला, "जागा मिळाली ना? मग काय झालं?"

"मिळाली," विठाबाई म्हणाली, आणि तिनं त्याचा हात सोडला नाही.